खाल्लेलं अंगी लागेना

तिला सगळे पैलवान म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण सकाळी पाव न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांपासून सख्ख्या नवऱ्यापर्यंत कुणीच ते वापरत नसे. मैद्याचं पोतं गाडीवरून उतरवायला एरवी दोन माणसं लागतात. ही बाई गुडघ्यात जराशी वाकायची, एक हिसडा द्यायची आणि पोतं खांद्यावर. वर गप्पा मारत चालायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नणंदेने हे पाहिलं, चष्मा वर सारला आणि भावाला म्हणाली, "अरे, बायको आणलीस की पैलवान?" नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही ते आवडायचं.

बेकरी रस्त्याच्या वळणावर होती. पुढे दुकान, मधे भट्टीची खोली, मागच्या जिन्याने वर गेलं की राहायचं घर. नवरा पहाटे व्हॅन भरून हॉटेलं, शाळा, मोठं इस्पितळ असं करत फिरायचा. गल्ल्यावर थोरली नणंद, वन्सं. वन्संनी लग्न केलं नव्हतं आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. त्यांच्या जिभेला धार होती आणि नजरेतून काही सुटत नसे. भट्टी मात्र पैलवानच्या ताब्यात. मळायचं यंत्र होतं, पण ते नुसतं पीठ आणि पाणी एकत्र आणायला. शेवटचा हात तिचाच. लांबलचक लाकडी काठवटीत कोपरापर्यंत हात घालून ती पिठाला असं काही उलटंपालटं करायची की बघणाऱ्याला पिठाची दया यावी.

त्या वर्षी तिला भूक लागायला लागली.

भूक सगळ्यांनाच लागते, पण ही भूक वेगळी होती. पहिला घाणा भट्टीतून निघाला की ती उभ्याउभ्या चार पाव लोणी लावून संपवायची. तासाभराने उकडलेली अंडी. मग दूध, केळी, तुटकी बिस्किटं. दुपारचं जेवण नवऱ्याच्या दुप्पट, आणि ते उरकून हात धुतात न धुतात तोच पोटात पुन्हा खड्डा. वन्सं म्हणायच्या, "अगं, गिऱ्हाइकांसाठी काही ठेव." ती हसायची. पण एवढं खाऊन ती भरत नव्हती, ओसरत होती. आधी गाल गेले. मग मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. दंडाला हात लावला की पूर्वी दगड लागायचा, आता बोटांत सैल कातडी यायची.

आणि गंमत म्हणजे सगळा गाव कौतुक करत होता.

"कसली बारीक झालीस गं! काय करतेस सांग तरी," समोरची शिंपीण दुकानात येऊन तिच्याभोवती फिरून बघायची. "बेकरीत राहून वजन उतरवणारी तू पहिलीच."

"काही नाही हो, काम," पैलवान म्हणायची आणि आत निघून जायची.

आत गेली की ती पदराने दंड झाकून घ्यायची. कारण तिने हे आधी एकदा पाहिलं होतं. तिची थोरली बहीण, ताई, अशीच बारीक होत गेली होती. लोकांनी सुरुवातीला कौतुक केलं, नंतर काळजीने विचारलं, आणि शेवटी विचारायचंच बंद केलं. ताईच्या पोटात गाठ निघाली तोवर फार उशीर झाला होता. पैलवान स्वतःची समजूत घालायची, 'ताईची तर भूकच मेली होती, मी तर बकाबका खातेय.' पण भीती असल्या युक्तिवादाला जुमानत नाही. छातीत रात्रंदिवस कुणीतरी धावत असल्यासारखं व्हायचं. झोप उडाली होती. वर्षानुवर्षं भट्टीसमोर उभी राहिलेली बाई, तिला आता भट्टीची धग सोसेना. हिवाळ्यातही ती खिडक्या सताड उघड्या टाकायची आणि नवरा पांघरुणात कुडकुडत पडायचा. त्याने एकदा धीर करून विचारलं, "बरं नाही का वाटत तुला?" तर ती त्याच्यावर अशी खेकसली की तो बिचारा पांघरूण डोक्यावर ओढून पडला. खेकसल्यावर तिचं तिलाच रडू आलं. पण सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

एका सकाळी भट्टीच्या खालच्या दारातली राख ओढायला ती उकिडवी बसली. राख ओढून झाली. उठायला गेली, तर उठता येईना.

मांड्या जणू तिच्या नव्हत्याच. दुखत नव्हत्या, नुसत्या ऐकत नव्हत्या. तिने जमिनीवर हात टेकून पाहिलं, हातही थरथरले. शेवटी बाजूच्या लोखंडी मांडणीला धरून अंग वर ओढलं. मांडणी तिच्यासकट कलली आणि नुकत्याच काढलेल्या पावांचे ट्रे एकामागून एक खणाखण खाली आले.

वन्सं गल्ला उघडा टाकून धावल्या. बघतात तर पैलवान जमिनीवर बसलेली, चहूकडे गरम पाव, आणि ती हुंदके देत एकेक पाव झटकून ट्रेमध्ये ठेवतेय.

"भाजलं का कुठे?"

"नाही."

"मग ऊठ."

"उठता येत नाहीये, वन्सं."

वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा काही बोलायच्या आधी विचार केला असावा. त्या तशाच तिच्याशेजारी खाली बसल्या. "कधीपासून?"

"जिना चढताना दोन महिने झाले, कठड्याला धरून चढते. पोतं तर उचलतच नाही, गाडीवाल्याला लाडीगोडी लावून आतपर्यंत आणवते." मग तिने एकदम सांगून टाकलं, "ताईचं असंच झालं होतं. मलाही तेच झालंय."

"तू डॉक्टर केव्हा झालीस?"

"वन्सं..."

"केव्हा झालीस ते सांग ना. नाही ना झालीस? मग गप्प बस. दुकान बंद करते. आत्ताच्या आत्ता जायचं." आणि त्यांनी तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. उभं करताना त्यांच्याही लक्षात आलं, पैलवान किती हलकी झालीय ते. त्यांनी चष्मा पुसला फक्त.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईतल्या नव्हत्या. त्यांनी आधी पैलवानला सगळं बोलू दिलं. ताईचंही. मग म्हणाल्या, "हात पुढे करा, बोटं पसरा." पसरलेल्या बोटांवर त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ठेवला. कागद वाऱ्यावर असल्यासारखा फडफडायला लागला, आणि पंखा तर बंद होता. मग नाडी पाहिली, मागे उभं राहून गळा चाचपला, पाण्याचा घोट गिळायला लावला, डोळ्यांकडे नीट पाहिलं. "आता हात छातीशी बांधा आणि खुर्चीतून उठून दाखवा." पैलवानला जमलं नाही.

"भूक कशी आहे?"

"सांगायची लाज वाटते."

"मी सांगते," वन्सं म्हणाल्या. "आज सकाळपासूनचंच घ्या." आणि त्यांनी सगळं ऐकवलं. एकही पाव विसरल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई हसल्या. थट्टेचं हसू नव्हतं ते. काहीतरी सापडल्याचं होतं. "हे बघा, रक्त तपासल्याशिवाय मी शिक्कामोर्तब करणार नाही. पण तुमच्या गळ्यात पुढे एक ग्रंथी असते, थायरॉइड. ती सुजलीय आणि माझ्या मते नको इतकं काम करतेय. तिचं संप्रेरक रक्तात वाढलं की नेमकं हे सगळं होतं. छाती धडधडते, गरम होतं, हात कापतात, खाऊनही वजन उतरतं, मांड्या-दंडांतली ताकद जाते."

"म्हणजे ताईसारखं..."

"तुमच्या ताईंचा आजार वेगळा होता. याला औषध आहे, आणि हे बरं होतं."

पैलवानने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग वन्संकडे. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडली की हसली हे त्या दोघींनाही शेवटपर्यंत कळलं नाही. महिनोन्‌महिने ती जे उराशी धरून होती, ते असं एका वाक्यात गळून पडेल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाहेर पडल्यावर पायरीवरच बसली आणि म्हणाली, "वन्सं, मला भूक लागलीय." वन्सं म्हणाल्या, "लागणारच. आजारच आहे तुला तो."

रक्ताच्या तपासणीने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं ठरवलं. गोळ्या सुरू करण्याआधी त्यांनी आणखी एक मागणी केली. एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी एका कॅनमध्ये गोळा करून आणायची. "निदानाला या तपासणीची गरज नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमचं इतकं मांस झडलंय की रोज किती जातंय ते मला बघायचंय. म्हणजे तुम्हाला किती खायला घालायचं ते ठरवता येईल. त्या दिवशी खाल्लेलं सगळं लिहूनही आणा. कॅन मात्र थंड ठेवायचा."

थंड ठेवायचा म्हणजे कुठे? घरात आणि दुकानात मिळून फ्रिज एकच, दुकानातला.

"माझ्या यीस्टशेजारी?" वन्संनी कमरेवर हात ठेवले. "मुळीच नाही. मी मेले तरी नाही."

शेवटी बादलीत बर्फ घालून कॅन त्यात उभा केला आणि बादली गल्ल्यामागे, कारण तिथे ऊन येत नाही. दिवसभर पैलवान ठरावीक वेळाने कॅन उचलून न्यायची आणि मान खाली घालून परत आणून ठेवायची. दुपारी पेन्शनीत निघालेले एक मास्तर पाव घ्यायला आले. त्यांची नजर बर्फातल्या कॅनवर गेली.

"नवीन सरबत वाटतं? एक ग्लास चाखायला हरकत नाही."

वन्संच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "ऑर्डरचं आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी मागवलंय."

मास्तर गेले, आणि आतून पैलवानच्या हसण्याचा असा धबधबा आला की नुकताच फेरीवरून परतलेला नवरा दारातच थबकला. बायकोला हसताना ऐकून त्याला किती दिवस झाले होते. काय झालं हे विचारायच्या आधीच तोही हसायला लागला.

अहवाल ऐकायला तोच तिच्याबरोबर गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगायला सुरुवात केली ती नायट्रोजनपासून, तेव्हा तो जरा गडबडला. नायट्रोजन म्हणजे हवेतला, एवढंच त्याला शाळेपासून माहीत.

"हवेत आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आपल्या प्रथिनांतही आहे. अंडं, दूध, मांस, तुमच्या गव्हातलाही काही भाग. आणि आपले स्नायू प्रथिनांचेच. साखरेत आणि चरबीत नायट्रोजन नसतो. म्हणून शरीर जेव्हा प्रथिन मोडतं तेव्हा त्यातला नायट्रोजन उरतो, त्याचा युरिया होतो आणि तो लघवीतून बाहेर पडतो. लघवीतला नायट्रोजन मोजला की किती प्रथिन मोडलं त्याचा अंदाज येतो. धडधाकट मोठ्या माणसात जेवणातून जितका येतो साधारण तितकाच जातो. यांच्यात इतकं खाऊनसुद्धा येतो त्यापेक्षा जातो जास्त. हा वरचा नायट्रोजन कुठून येतो?"

नवरा बायकोच्या दंडाकडे बघत होता. "हिच्यातून," तो हळूच म्हणाला.

"बरोबर. हे संप्रेरक वाईट नाही हो. योग्य प्रमाणात असलं की तेच अंग बांधायला मदत करतं. लहान मुलांची वाढ त्याच्याशिवाय होत नाही. आपलं शरीर म्हणजे रोज थोडं पाडायचं आणि थोडं बांधायचं असं घर आहे. संप्रेरक फार वाढलं की दोन्हीकडचे मजूर धावायला लागतात. पण पाडणारे बांधणाऱ्यांच्या पुढे जातात."

"मग हिने आणखी खाल्लं तर?"

"अहो!" पैलवान म्हणाली. "आणखी कुठून खाऊ?"

"नुसत्या खाण्याने भागणार नाही. ग्रंथीला आवरायला हवं, त्याला या गोळ्या, आणि छातीची धडधड थांबवायला ही वेगळी. पण तोपर्यंत अंडी, दूध, मांस कमी पडू देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा. घसा दुखला किंवा ताप आला तर ग्रंथीवरची गोळी थांबवायची आणि तडक इकडे यायचं. थांबून बघू, असं नको. पोती उचलायची नाहीत, मी सांगेपर्यंत."

शेवटची अट ऐकून पैलवानचा चेहरा पडला. बाकी सगळं तिला मान्य होतं.

परतताना नवऱ्याने व्हॅन रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली उभी केली. मागच्या रिकाम्या ट्रेंना पावाचा वास येत होता. इंजिन बंद करून तो स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसला.

"मी इस्पितळात पाव टाकतो ना," तो म्हणाला, "तिथल्या एका नर्सबाईंना विचारलं होतं. माझ्या ओळखीची एक बाई आहे म्हणालो, खाते खूप आणि वाळत चाललीय. त्या म्हणाल्या, घेऊन या त्यांना."

"कधी?"

"बरेच दिवस झाले."

"मग आणलं का नाही मला?"

"तू ओरडशील म्हणून."

पैलवानने यावर विचार केला. "ओरडले असतेच," ती म्हणाली.

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय, म्हणून तू अशी वागतेस. आणि मग ताई आठवायच्या, की पुढचं काही सुचायचंच नाही."

म्हणजे एकाच छपराखाली दोघं एकच भीती घेऊन झोपत होते आणि एकमेकांना कळू देत नव्हते. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "खिडकी लावू का? गार वारा येतोय." ती म्हणाली, "नको. अजून गोळी कुठे घेतलीय."

धडधड थांबवायची गोळी सगळ्यांत आधी लागू पडली. काही दिवसांतच हातांची थरथर गेली आणि एका दुपारी ती बिस्किटांच्या डब्यांना पाठ टेकून बसली असताना तिला गाढ झोप लागली. वन्संनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून, खुणेने पाव दिले. ग्रंथीवरच्या गोळीने सावकाश काम केलं. आधी भूक माणसांत आली. वजन उतरायचं थांबलं, मग गुंज गुंज करत वर यायला लागलं. मांड्यांना आणि दंडांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मधे थोडी गाडी दुसऱ्या बाजूलाही कलली. तिचा चेहरा भरला, लोक म्हणाले तब्येत सुधारली, पण तिला भट्टीसमोर बसूनही थंडी वाजायला लागली आणि जागेवरून हलावंसं वाटेना. आता मात्र तिने लपवलं नाही. स्वतः उठून डॉक्टरीणबाईंकडे गेली. "औषध जरा जास्त झालं," त्या म्हणाल्या. "संप्रेरक फार कमी झालं की पाडणारे थांबतात, पण बांधणारेही पेंगतात." त्यांनी गोळी कमी केली आणि गाडी रुळावर आली.

मग एकदा त्यांनी पुन्हा कॅन हातात दिला. या वेळी घरात कुणी कुरकुर केली नाही. बर्फ आणायला वन्सं स्वतः गेल्या. अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि टेबलावरून पुढे वाकून म्हणाल्या, "आता नायट्रोजन येतो त्यापेक्षा कमी जातोय. उरलेला अंगात राहतोय. तुमचे स्नायू परत बांधले जातायत. पोतं उचला, पण सुरुवातीला अर्धं."

पैलवान घरी आली ती थेट भट्टीच्या खोलीत. एवढे महिने तिच्या जागी वन्सं मळत होत्या. सुरुवातीला त्यांचे पाव असे निघायचे की शिंपिणीने ते कापडावर वजन म्हणून ठेवायला नेले होते. पण वन्सं हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. पैलवान स्टुलावर बसून सांगायची, "आणखी ओढा, आता दुमडा, असं कुरवाळू नका त्याला," आणि त्या पिठाशी झगडायच्या. आता त्यांचा हात बसला होता. गल्ल्यावर एक मुलगी ठेवली होती, तिला हिशेब वन्संपेक्षा बरा जमत होता, आणि हे वन्संनी मान्यही केलं होतं.

"सरका वन्सं," पैलवान बाह्या सरसावत म्हणाली. "डॉक्टरांनी परवानगी दिली."

"कुठे सरकू?"

"म्हणजे? माझी जागा आहे ती."

"होती," वन्सं म्हणाल्या आणि पिठाचा गोळा दाणकन आपटला. "हे बघ." त्यांनी कोपरात हात वाकवून दंड दाखवला. त्या सुकड्या बाईच्या दंडावर खरोखरच छोटासा उंचवटा आला होता. "या वयात आलाय हा. मी नाही सोडत."

पैलवानने तो बोटाने दाबून पाहिला. मग तिने हात धुतले आणि काठवटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. काठवट लांब होती, दोघींना पुरत होती. तिने पिठात हात घातले. पीठ गार होतं, जड होतं, हाताला उलटून जोर करत होतं, आणि तिचे हात तो जोर परतवत होते.

"जरा घट्ट झालंय," ती म्हणाली.

"माझ्या बाजूला बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या.

"पाणी घाला थोडं."

"तू घाल. तुझ्या बाजूला घाल."